स्वस्त मजुरीचा हिशेब : दक्षिण आफ्रिकेतील खाणी, राज्यसंस्था आणि वर्णभेदाची मीमांसा

दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासात १९१३ या वर्षाकडे अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा जावे असे बरेच काही घडले. चार वसाहती एकत्र येऊन नवे संघराज्य जन्माला आले त्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. त्या वर्षी विटवॉटर्सरँडच्या क्लाइनफॉन्टेन खाणीवर गोऱ्या कामगारांचा संप सुरू झाला आणि तो इतर खाणींवर पसरला. जुलैच्या सुरुवातीला जोहान्सबर्गच्या रस्त्यांवर सैन्याने गोळीबार केला, वीसहून अधिक माणसे मेली. आणि त्यानंतर पंतप्रधान बोथा व त्यांचे सहकारी स्मट्स स्वतः शहरात येऊन संपाच्या पुढाऱ्यांसमोर बसले, तडजोडीवर सह्या करून गेले. त्याच महिन्यात त्याच खाणींवरच्या हजारो आफ्रिकी कामगारांनीही काम थांबवले. त्यांच्याशी बोलायला कोणी मंत्री आला नाही. त्यांच्या बाबतीत संप करणे हा करारभंगाचा फौजदारी गुन्हा होता; सैन्य बोलावून त्यांना पुन्हा खाणीत उतरवण्यात आले.

त्याआधी जूनमध्ये आफ्रिकी लोकांच्या जमिनीसंबंधीचा कायदा संमत झाला होता. लोकसंख्येत सुमारे दोन तृतीयांश असलेल्या समाजासाठी देशाची सुमारे सात टक्के जमीन राखून ठेवायची आणि त्याबाहेर त्यांनी जमीन विकत वा खंडाने घ्यायची नाही, असा त्याचा आशय. आणि ऑक्टोबरमध्ये नाताळ प्रांतातल्या कोळशाच्या खाणींवर, पुढे ऊसमळ्यांवर, हिंदी मजुरांचा संप सुरू झाला. सरकारने त्यावर शोधलेला उपाय असा की, खाणींची आवारेच तुरुंगाच्या शाखा म्हणून जाहीर करायची आणि खाणीवरच्या मुकादमांना जेलर करायचे. कालचा मजूर आज कैदी म्हणून त्याच खाणीत, त्याच मालकासाठी कोळसा फोडू लागला.

एकच राज्यसंस्था, एकच वर्ष, आणि श्रमाच्या प्रश्नाला दिलेली ही चार वेगवेगळी उत्तरे. असे का झाले, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. ‘गोरे सरकार होते, त्यामुळे काळ्यांवर अन्याय झाला’ हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. गोळी गोऱ्यांवरही चालली होती. मग वर्ण, मजुरी आणि सत्ता यांचे नाते नेमके कसे होते? या प्रश्नावर गेल्या अर्धशतकात झालेला वाद तपासून पाहणे उपयुक्त ठरेल.

दोन बाजू

वादाची एक बाजू उदारमतवादी अर्थतज्ज्ञांची. त्यांच्या मते भांडवलशाहीला माणसाच्या कातडीच्या रंगाशी देणेघेणे नसते. कारखानदाराला कमी खर्चात कुशल कामगार हवा असतो. काळ्या माणसाला कुशल कामापासून दूर ठेवणे त्याच्या तोट्याचेच असते. वर्णभेद ही राजकारणाने, विशेषतः गोऱ्या कामगारांच्या आणि शेतकऱ्यांच्या मतांनी, बाजारपेठेवर लादलेली विकृती आहे. उद्योग वाढले की ती आपोआप गळून पडेल. विल्यम हट यांचे १९६४ मधले वर्णबंदीच्या अर्थशास्त्रावरील पुस्तक या मताचे सर्वांत ठाशीव प्रतिपादन मानले जाते.

दुसरी बाजू १९७०च्या दशकात पुढे आली. हॅरल्ड वोल्प, मार्टिन लेगासिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चित्र उलटे केले. त्यांच्या मते वर्णभेद हा भांडवलशाहीच्या मार्गातला अडथळा नव्हता, तिच्या वाढीचा पाया होता. वोल्प हे पेशाने वकील आणि वर्णभेदविरोधी चळवळीतले कार्यकर्ते. १९६३ साली जोहान्सबर्गच्या कोठडीतून पळून, धर्मगुरूचा वेश करून ते देशाबाहेर गेले, आणि पुढे इंग्लंडात समाजशास्त्राचे अध्यापक झाले. १९७२ साली त्यांनी लिहिलेला स्वस्त श्रमशक्तीवरचा निबंध पन्नास वर्षांनंतरही वाचला जातो. त्याच वर्षी फ्रान्सिस विल्सन यांचे सोन्याच्या खाणींतील मजुरीवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. विल्सन वोल्प यांच्या पंथातले नव्हेत. पण त्यांनी मांडलेले आकडे दोन्ही बाजूंना टाळता आले नाहीत. १९११ ते १९६९ या जवळपास साठ वर्षांत खाणीतल्या आफ्रिकी कामगाराची खरी मजुरी, म्हणजे महागाई वजा जाता उरणारी मजुरी, वाढलेली नव्हती. कदाचित किंचित घटलीच होती. आणि गोऱ्या व काळ्या कामगारांच्या रोख मिळकतीतले अंतर सुमारे बारा पटींवरून वीस पटींवर गेले होते. देश श्रीमंत झाला, शहरे उभी राहिली, कारखाने आले. खाणीतल्या माणसाची मजुरी मात्र हलली नाही.

सोन्याचा भाव आणि माणसाचा भाव

हे समजण्यासाठी सोन्याचे अर्थकारण लक्षात घ्यावे लागते. १८८६ साली विटवॉटर्सरँडला सापडलेले सोने विपुल होते, पण गाळीव नव्हते. कठीण दगडात, खूप खोलवर, अत्यंत विरळ पसरलेले होते. थोड्याशा सोन्यासाठी टनावारी दगड फोडून वर आणावा लागे. साधा मालक खर्च वाढला की मालाचा भाव वाढवतो. सोन्याच्या मालकाला ती सोय नव्हती, कारण सोन्याचा भाव जगाच्या चलनव्यवस्थेने बांधलेला होता. यंत्रे आणि स्फोटके बाहेरून येत, त्यांच्या किमतीवर ताबा नाही. कुशल गोरा कामगार इंग्लंडातून, ऑस्ट्रेलियातून आलेला, संघटित आणि पुढे मतदार झालेला. काटकसर करता येईल अशी एकच बाजू उरली, ती म्हणजे अकुशल आफ्रिकी मजुरी.

पण इथे एक अडचण होती. एकोणिसाव्या शतकात आफ्रिकी शेतकरी स्वतःच्या जमिनीवर पिकवून खात होता. कॉलिन बंडी यांनी दाखवले आहे की अनेक भागांत तो बाजारासाठीही चांगले पिकवत होता. असा माणूस जमिनीखाली मैलभर खोल, तुटपुंज्या मजुरीवर कशाला जाईल? बाजाराच्या नियमाने मालकांना मजुरी वाढवावी लागली असती. ती वाढवावी लागू नये याची व्यवस्था राज्यसंस्थेने केली. घरपट्टी आणि डोईपट्टी रोख पैशातच भरायची असा नियम झाला. १८९४ साली केप वसाहतीत सेसिल ऱ्होड्स यांनी ग्लेन ग्रे कायदा आणला. वर्षातून तीन महिने घराबाहेर मजुरी केल्याचा पुरावा न देणाऱ्या पुरुषावर त्यात दहा शिलिंगांचा वेगळा कर होता. १९१३च्या जमीन कायद्याने स्वतंत्र शेतीची वाट जवळपास बंद केली. त्या कायद्याने रस्त्यावर आलेली कुटुंबे, गुरांसह भटकणारी माणसे सोल प्लात्ये यांनी स्वतः फिरून पाहिली आणि १९१६ साली पुस्तकरूपाने जगासमोर ठेवली. या विषयावरच्या पुढच्या सगळ्या सिद्धांतांच्या मुळाशी त्या पुस्तकातली माणसे आहेत, हे अनेक सिद्धांतकार विसरतात.

दुसरीकडे मालकांनी आपसांतली स्पर्धा मोडून काढली. चेंबर ऑफ माइन्स या त्यांच्या संघटनेने मजूरभरतीच्या एकत्रित संस्था उभारल्या. मोझांबिक, न्यासालँड, बासुतोलँड, केपचा पूर्व भाग इथून पुरुष ठरावीक मुदतीच्या करारावर यायचे, कंपाउंडमध्ये एकेका खोलीत कित्येक जण झोपायचे, मुदत संपली की परत जायचे. मजुरीची कमाल मर्यादा आपसांत ठरलेली. पासचा कायदा असा की, काम सोडून निघालेला माणूस रस्त्यात पकडला जाई. ज्याला मुक्त बाजारपेठ म्हणतात ती इथे मजुराच्या वाट्याला आलीच नाही. म्हणूनच उदारमतवाद्यांचा ‘बाजार निर्मळ, राजकारण मलिन’ हा भेद मला पहिल्याच पायरीवर डळमळीत वाटतो. वर्णभेदाचे कायदे बाजार तयार झाल्यावर बाहेरून आले नाहीत. खाणमजुरीचा बाजारच त्या कायद्यांनी घडवला.

वोल्प यांचे म्हणणे

वोल्प यांचे म्हणणे थोडक्यात असे. मजुरी ही फक्त मजुराच्या पोटासाठी नसते. त्याची बायको, वाढणारी मुले, आजारपण, म्हातारपण या सर्वांचा खर्च तीत धरावा लागतो, नाहीतर मजुरांची पुढची पिढी तयार होणार नाही. दक्षिण आफ्रिकेत हा खर्च राखीव प्रदेशांतली शेती उचलत होती. कुटुंब गावाकडे मका पिकवते, म्हातारा गावाकडे मरतो, क्षयाने पोखरलेला मजूर गावाकडे परततो. म्हणून मालक एकट्या पुरुषाला जगवण्यापुरतीच मजुरी देऊ शकतो. राखीव प्रदेश टिकवणे हे पृथक्करणाच्या धोरणाचे खरे काम होते. पुढे त्या प्रदेशांतली जमीन माणसांच्या गर्दीने झिजली, शेती कोलमडली. मग ज्या मजुरीने भागत नाही ती मजुरी तशीच ठेवायची तर जबरदस्ती वाढवावी लागणार. १९४८ नंतरचे अपार्थाइड, म्हणजे कडक पासकायदे, शहरबंदी, बांटुस्थाने, ही त्या जबरदस्तीची रूपे.

या मांडणीची ताकद अशी की खाणमालक स्वतःच ती बोलून दाखवत होते. १९४३च्या लॅन्सडाउन आयोगासमोर चेंबरने हाच युक्तिवाद केला होता : आमचा मजूर मुळात शेतकरी आहे, मजुरी ही त्याची जोडकमाई आहे. आयोगाने राखीव प्रदेशांतले उत्पन्न तपासले आणि ते पुरेसे नसल्याचा निष्कर्ष काढला. तरीही त्याने सुचवलेली वाढ माफकच होती, आणि तीही पूर्ण अमलात आली नाही. १९४६च्या ऑगस्टमध्ये दिवसाला दहा शिलिंगांची मागणी करत सत्तर हजारांवर आफ्रिकी कामगारांनी संप केला. पोलिसांनी तो काही दिवसांत मोडला. अधिकृत आकड्यानुसारच नऊ माणसे मेली, बाराशेवर जखमी झाली. दोनच वर्षांनी नॅशनल पक्ष अपार्थाइडची घोषणा देत सत्तेवर आला. वोल्प यांच्या मांडणीत या घटना एका ओळीत बसतात.

तरीही दोन आक्षेप उरतात, आणि ते किरकोळ नाहीत.

पहिला आक्षेप : १९२२

राज्यसंस्था भांडवलाच्या गरजेप्रमाणे वागते, असे वोल्प यांचा निबंध बऱ्याच अंशी गृहीत धरतो. १९२२चे रँडचे बंड या गृहीतकाला सरळ बसत नाही. सोन्याचा भाव उतरल्यावर खाणमालकांनी सुमारे दोन हजार अर्धकुशल गोऱ्या कामगारांच्या जागी स्वस्त आफ्रिकी कामगार घेण्याचे ठरवले. म्हणजे भांडवल वर्णरेषा खाली सरकवू पाहत होते, आणि ती राखण्यासाठी गोरा कामगार उभा राहिला. जगातल्या कामगारांना एक होण्याचे आवाहन करून ते गोऱ्या दक्षिण आफ्रिकेसाठीच्या लढ्याशी जोडणारा फलक या संपात फिरला. संपकऱ्यांच्या टोळ्यांनी वाटेत सापडलेल्या आफ्रिकी माणसांचे खून पाडले. स्मट्स यांनी तोफा आणि विमाने वापरून बंड चिरडले. दोनशेच्या आसपास माणसे मेली, चौघे फासावर गेले.

इथवर राज्यसंस्था मालकांचीच. पण १९२४च्या निवडणुकीत स्मट्स हरले. हर्टझोग यांचा नॅशनल पक्ष आणि क्रेसवेल यांचा मजूर पक्ष यांचे आघाडी सरकार आले. १९२४च्या औद्योगिक सलोखा कायद्याने गोऱ्या कामगार संघटनांना वाटाघाटीचा हक्क दिला आणि पास बाळगणाऱ्या आफ्रिकी माणसाला ‘कामगार’ या व्याख्येतूनच वगळले. न्यायालयाने बेकायदा ठरवलेली वर्णबंदी १९२६ साली कायद्यानेच परत आणली. प्रशिक्षित कामाचे दाखले आफ्रिकी आणि आशियाई माणसांना बंद झाले. हे मालकांना हवे होते असे म्हणता येणार नाही.

मग उदारमतवादी बरोबर होते का? मर्ल लिप्टन यांनी १९८५च्या पुस्तकात तसे बरेच चांगल्या पुराव्यानिशी मांडले आहे. त्या दाखवतात की भांडवल एकजीव नव्हते. शेती आणि खाणींना स्वस्त, बांधील मजूर हवा होता, तर कारखानदारीला स्थिर आणि कुशल मजूर. हा भेद मान्य करायलाच हवा. पण १९२२-२६चा हिशेब शेवटपर्यंत नेला तर दिसते की गोऱ्या कामगारांच्या मजुरीत संपानंतर कपात झाली, मालकांनी कामाची नवी रचना बऱ्याच अंशी अमलात आणली, आणि वर्णबंदीचा जो खर्च उरला तो त्यांनी खालच्या माणसावर टाकला. मालक आणि गोरा कामगार यांच्यात वाद होता तो हिश्शाचा. तिसऱ्या माणसाने संघटना करू नये, जमीन घेऊ नये, काम सोडून जाऊ नये, यावर दोघांत वाद नव्हता. राज्यसंस्था मालकांची बाहुली नव्हती. ती या दोघांमधली तडजोड होती, आणि तडजोडीची किंमत मोजणाऱ्याला मत नव्हते.

दुसरा आक्षेप : गावाकडची बाई

वोल्प यांच्या निबंधात राखीव प्रदेश मजुरीला आधार देतात. पण प्रदेश काही नांगर धरत नाहीत. पुरुष खाणीवर गेल्यावर शेत नांगरणारी, पाणी भरणारी, सासऱ्याला आणि मुलांना सांभाळणारी, खोकत परतलेल्या नवऱ्याची सेवा करणारी बाई होती. सोन्याच्या प्रत्येक औंसात तिचे न मोजलेले श्रम होते. निबंधात ती ‘कुटुंब’ या शब्दात विरून जाते. बेलिंडा बोझोली यांनी १९८३ साली नेमका हाच प्रश्न विचारला : तरुण पुरुषच गावाबाहेर का गेले आणि बायका मागे का राहिल्या? याचे उत्तर खाणमालकांच्या गरजेत मिळत नाही. ते आफ्रिकी घरांतल्या सत्तेच्या रचनेत, बायकांच्या श्रमांवर वडीलधाऱ्या पुरुषांच्या असलेल्या ताब्यात शोधावे लागते. भांडवलाने ती रचना निर्माण केली नाही. ती आयती मिळाली, आणि सरकारने मुखियांना हाताशी धरून ती टिकवली.

या आक्षेपाने वोल्प यांची मांडणी कोसळत नाही, उलट पुरी होते. मात्र त्यांची एक सवय त्यातून उघडी पडते : एखादी व्यवस्था भांडवलाच्या उपयोगी पडली म्हणजे ती त्यासाठीच निर्माण झाली, असे मानण्याची. उपयोग आणि कारण या वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक पुसला की माणसांनी घेतलेले निर्णय दिसेनासे होतात, आणि त्यांनी केलेला प्रतिकारही.

उद्योगवाढीची परीक्षा

प्रतिकाराचा मुद्दा उदारमतवाद्यांनाही लागू आहे. उद्योग वाढले की वर्णभेद विरघळेल, हे त्यांचे भाकीत. १९६०चे दशक भरभराटीचे होते, आणि तेच पासकायद्यांच्या व सक्तीच्या स्थलांतराच्या कडक अंमलाचेही होते. मजुरी खऱ्या अर्थाने हलली ती १९७३ नंतर. त्या वर्षी जानेवारीत दरबानच्या एका वीटभट्टी-कारखान्यातून सुरू झालेले संप पसरत गेले. काही आठवड्यांत हजारो आफ्रिकी कामगार बाहेर पडले, कापडगिरण्यांत हिंदी कामगारही त्यांच्यासोबत होते. सोन्याच्या भावावरचे बंधन त्याच सुमारास सुटले. १९७४ साली मजुरांना नेणाऱ्या विमानाला अपघात होऊन अनेक खाणकामगार दगावल्यावर मलावीने भरती थांबवली, आणि १९७५ साली मोझांबिक स्वतंत्र झाले. स्वस्त मजुराचा बाहेरचा झरा आटू लागला, तेव्हा खाणींनी मजुरी वाढवली. १९७९ साली आफ्रिकी कामगार संघटनांना कायदेशीर मान्यता द्यावी लागली, १९८६ साली पासकायदे गेले. वाढत्या उद्योगाने कामगाराला बळ दिले हे खरे. पण ते वापरायला त्याला रस्त्यावर यावे लागले. नुसत्या वाढीने काही विरघळले नाही.

गोखले आणि तीन पौंड

या इतिहासाचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. नाताळमध्ये करार संपल्यावर पुन्हा करार न करणाऱ्या आणि मायदेशीही न परतणाऱ्या हिंदी मजुरावर वर्षाला तीन पौंडांचा कर होता. ग्लेन ग्रे कायद्याची हीच युक्ती : मोकळा राहशील तर दंड भर. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० साली मध्यवर्ती कायदेमंडळात नाताळला जाणारी करारबद्ध मजुरी बंद करण्याचा ठराव मांडला, आणि १९११ साली ती बंद झाली. १९१२ साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले. कर रद्द होईल अशी मंत्र्यांशी झालेल्या बोलण्यांवरून त्यांची समजूत झाली. तो झाला नाही, आणि १९१३चा संप झाला. १९१४ साली कर गेला.

ही लढाई मोठी होती, हे निःसंशय. पण आज मागे वळून पाहताना एक उणीव खुपते. हिंदी मजुरावरचा कर आणि आफ्रिकी शेतकऱ्याची हिरावलेली जमीन ही एकाच कामाची दोन साधने होती, आणि दोन्ही त्याच वर्षी ऐरणीवर होती. तरी दोन्ही चळवळी आपापल्या वाटेने गेल्या. हिंदी पुढाऱ्यांची मागणी साम्राज्याच्या प्रजाजनांना मिळणाऱ्या वागणुकीची होती. त्या मागणीत आफ्रिकी माणसाला जागा नव्हती. वर्णाच्या उतरंडीचे खरे यश इथे दिसते. प्रत्येक पायरीवरचा माणूस आपली पायरी सोडवायला निघतो, जिना तसाच राहतो.

मारिकाना

१९९४ नंतर मत सर्वांना मिळाले, वर्णाचे कायदे गेले. मग वाद संपला का? १६ ऑगस्ट २०१२ रोजी मारिकाना येथील प्लॅटिनमच्या खाणीजवळ महिन्याला साडेबारा हजार रँडची मागणी करणाऱ्या संपकऱ्यांपैकी ३४ जण पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. सरकार ज्या पक्षाचे होते त्याचा पूर्वज-पक्ष प्लात्ये यांनी सरचिटणीस म्हणून उभा केला होता. खाण कंपनीच्या संचालकांत सिरिल रामफोसा होते, ज्यांनी १९८२ साली खाणकामगारांची राष्ट्रीय संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला आणि १९८७चा प्रचंड संप चालवला. मृतांपैकी बरेच जण पूर्व केपमधले, म्हणजे शंभर वर्षे ज्या राखीव प्रदेशांतून मजूर येत होते तिथले. २०१९ साली न्यायालयाने फुप्फुसात दगडाची धूळ साचून आजारी पडलेल्या खाणकामगारांसाठी सुमारे पाच अब्ज रँडची तडजोड मंजूर केली. ज्या खर्चाबद्दल वोल्प बोलत होते, गावाकडे परतलेल्या आजाऱ्याचा तो खर्च, मालकांच्या वहीत नोंदला गेला तो असा, अनेकांच्या मृत्यूनंतर.

वर्णभेद भांडवलशाहीने निर्माण केला की तिने तो सहन केला, हा प्रश्न मला या वाचनाच्या शेवटी चुकीचा विचारलेला वाटतो. श्रम करणारे माणूस जगवण्याचा, वाढवण्याचा, आजारात सांभाळण्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रत्येक औद्योगिक समाजाचा प्रश्न असतो. दक्षिण आफ्रिकेतल्या राज्यसंस्थेने कायद्याने तो खर्च कातडीचा रंग पाहून वाटला, आणि त्या वाटणीत मालक, गोरे मतदार व गावोगावचे मुखिये आपापल्या परीने सामील झाले. कायदे रद्द करायला चार वर्षे पुरली. वाटणी बदललेली नाही. जमीन, कंपनीची मालकी, आणि पूर्व केपच्या एखाद्या झोपडीत खोकणाऱ्या माणसाचे औषधपाणी यांचा हिशेब जोवर नव्याने मांडला जात नाही, तोवर १९१३ संपले असे म्हणता येणार नाही.